चार नावांचं झाड

कार्यालयांच्या स्वागतकक्षात, दवाखान्यात बाकड्यांच्या रांगेशेजारी, नव्या इमारतींत लिफ्टच्या दाराजवळ हल्ली एक झाड हमखास दिसतं. जाड, लुसलुशीत देठ मातीतून थेट वर आलेले असतात. त्या देठांच्या दोन्ही बाजूंना मेण चोपडल्यासारखी चकचकीत पानं असतात. नर्सरीत त्याला 'झीझी' म्हणतात, कुणी 'झेडझेड' म्हणतं. गेल्या काही वर्षांत त्याचाच एक काळा प्रकार 'रेवन' या नावानं आला आहे. त्याचा कोंब पोपटी येतो आणि दोन-तीन महिन्यांत डोमकावळ्याच्या पंखासारखा काळा होतो. विकणारा एकच वाक्य सांगतो, "याच्याकडे बघितलं नाही तरी चालतं."

या वाक्यामुळेच मी या झाडाच्या मागे लागलो. माझं औपचारिक शिक्षण वाणिज्य शाखेचं. पोटापाण्याचा उद्योग एका करसल्लागाराच्या कचेरीत. वनस्पतिशास्त्राचं जे काही लॅटिन मला कळतं ते शब्दकोश मांडीवर घेऊन, रात्री जेवणं आटोपल्यावर शिकलेलं. पण हिशेबाच्या कामानं एक सवय लावली आहे. कुठलीही नोंद दिसली की ती कुणी, कधी आणि कुणाच्या खात्यावर केली हे पाहायचं. झाडांची शास्त्रीय नावं याही नोंदीच असतात. नावामागे माणसाचं नाव असतं, साल असतं, ग्रंथाचं पान असतं. या झाडाच्या खात्यावर अशा चार महत्त्वाच्या नोंदी आहेत. त्या क्रमानं वाचल्या, तर हे झाड कुठून आलं ते कळतं, त्याला पाणी किती घालावं तेही कळतं, आणि "बघितलं नाही तरी चालतं" या वाक्यात काय लपलं आहे तेही थोडंफार उमगतं.

पहिली नोंद : लंडन, १८२९

लंडनच्या हॅकनी भागात लॉडिजेस घराण्याची नर्सरी होती. मूळचा जर्मन असलेला कॉनराड लॉडिजेस माळी म्हणून इंग्लंडात आला आणि पुढे नर्सरीचा मालक झाला. त्याचा मुलगा जॉर्ज यानं ती युरोपभर नावारूपाला आणली. वाफेवर तापवलेली काचघरं, त्यांत ताड-माडांची जंगलं, आमरी म्हणजे ऑर्किडची दालनं असा त्यांचा पसारा होता. या मंडळींनी १८१७ ते १८३३ या काळात 'बोटॅनिकल कॅबिनेट' नावाची वीस खंडांची सचित्र मालिका काढली. प्रत्येक खंडात शंभर चित्रं, म्हणजे एकूण दोन हजार. मालिका म्हणजे एका अर्थानं दुकानाची सूचीच होती, पण शास्त्रानं ती गंभीरपणे घेतली. तिच्या पंधराव्या खंडात, १४०८ क्रमांकाच्या चित्रासोबत आपलं झाड पहिल्यांदा कागदावर आलं. नाव दिलं 'कॅलेडियम झामिइफोलियम'. साल १८२९ मानतात.

नावाचा दुसरा भाग सोपा आहे. झामिया नावाच्या सायकस-कुळाजवळच्या झाडासारखी पानं असलेलं, असा त्याचा अर्थ. पहिला भाग मात्र मराठी वाचकानं थांबून पाहावा असा आहे. 'कॅलेडियम' हा शब्द मलय भाषेतल्या 'केलादी'वरून आला, आणि केलादी म्हणजे अळू. कुंडीत लावायचा रंगीत पानांचा अळू आपण आजही कॅलेडियम याच नावानं विकत आणतो. थोडक्यात, लॉडिजेसनं या झाडाचं जे नाव ठेवलं त्याचा मराठी अनुवाद 'झामियाच्या पानांचा अळू' असा होतो.

याच सुमारास, १८२९मध्येच, लंडनच्या पूर्व भागातला नॅथॅनिएल वॉर्ड हा डॉक्टर एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवून बसला होता. कोशाचं काय झालं यापेक्षा बाटलीतल्या मातीत नेच्याचं रोप उगवलं, याचं त्याला नवल वाटलं. बाहेर कोळशाच्या धुरानं त्याची झाडं मरत होती, आणि बाटलीतलं रोप पाणी न घालता तगलं होतं. त्यातून 'वॉर्डची पेटी' निघाली. ती म्हणजे काचेची बंद पेटी, जिच्यात झाडं महिनोन्महिने समुद्रप्रवास करू शकत. १८३३मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला रवाना झाल्या. या प्रयोगांत वॉर्डच्या बरोबर जॉर्ज लॉडिजेस होता. पुढे याच पेट्यांतून चहा चीनमधून हिंदुस्थानात आला, सिंकोना दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आला. साम्राज्यांची शेती या काचेच्या पेट्यांतून हलली.

लॉडिजेसची नर्सरी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. बरीचशी झाडं क्रिस्टल पॅलेससाठी जोसेफ पॅक्स्टननं नेली. हॅकनीत आता इमारती आहेत.

दुसरी नोंद : व्हिएन्ना, १८५६

दुसरी नोंद करणारा माणूस म्हणजे हाइनरिश विल्हेल्म शॉट. ऑस्ट्रियाच्या मोहिमेबरोबर माळी म्हणून तो तरुणपणी ब्राझीलला गेला, चार वर्षं तिथे राहिला, आणि परतल्यावर शोनब्रुनच्या राजबागांमध्ये वरच्या पदांवर चढत गेला. त्याचा सगळा जीव एकाच कुळात होता. ते कूळ म्हणजे अळूचं. 'कोलोकेशिया' ही अळूची जात शास्त्रात पक्की केली ती यानंच, १८३२मध्ये. अळू, सुरण, शेवळा, मनीप्लांट, अँथुरियम, पाण्यावर तरंगणारी गोंडाळ ही सगळी एका कुळातली. फुलाचा घाट पाहिला की नातं ओळखू येतं. मधे दांडा आणि त्याभोवती गुंडाळलेलं एक पान. जूनमध्ये ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. त्या शेवळाचं फूल आणि या झीझीचं फूल शेजारी ठेवलं, तर आकार वेगळा असला तरी बांधणी एकच आहे हे कुणालाही दिसेल. झीझीचं फूल मात्र बुटकं, मातीलगत आणि पानांआड असतं. कुंडीतल्या झाडाला ते क्वचित येतं. आलं तरी कित्येकदा लक्षात येत नाही.

शॉटनं १८५६मध्ये या झाडासाठी नवी जात निर्माण केली, 'झामियोकुलकस'. लॉडिजेसच्या स्मरणार्थ त्यानं पुढे 'लॉडिजेसी' लावलं. 'कुलकस' हा अरबी 'कुल्कास', म्हणजे पुन्हा अळूच. एकानं मलय शब्द वापरला, दुसऱ्यानं अरबी, पण दोघांनाही म्हणायचं होतं ते अळू. मला हे कळलं तेव्हा आईला सांगितलं. तिनं कुंडीतला काळा देठ हातानं चाचपला आणि विचारलं, "मग याची पातळभाजी होते का?" होत नाही. का होत नाही ते पुढे येईल.

शॉटनं आपल्या कुळाची तीन हजारांवर चित्रं काढून घेतली होती. त्याचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह दुसऱ्या महायुद्धात जळाला. चित्रं राहिली.

तिसरी नोंद : बर्लिन, १९०५

आज शास्त्रमान्य असलेलं नाव 'झामियोकुलकस झामिइफोलिया' हे १९०५मध्ये अडॉल्फ एंगलरनं दिलं. नियम असा की, जातीचं वर्णन करणाऱ्याचा पहिला शब्द टिकला पाहिजे. म्हणून लॉडिजेसचा 'झामिइफोलिया' परत आला आणि शॉटची जात कायम राहिली. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जुनी शिल्लक नव्या खात्यावर ओढली गेली.

एंगलर बर्लिनच्या राजकीय वनस्पती उद्यानाचा संचालक होता. आणि हे झाड ज्या किनाऱ्याचं आहे, त्याचा मोठा पट्टा तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. केनियापासून टांझानिया, झांझिबार, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे असं उतरत थेट दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळपर्यंत हे झाड रानात वाढतं. आजच्या टांझानियाची मुख्य भूमी म्हणजे तेव्हाची जर्मन पूर्व आफ्रिका. तिथल्या पूर्व उसांबारा डोंगरांत, अमानी इथे, १९०२मध्ये जर्मनांनी शेती आणि जीवशास्त्राची संशोधन संस्था काढली. कॉफी, रबर, सिंकोना, घायपात अशा पैसा देणाऱ्या पिकांची तिथे चाचपणी चाले. आफ्रिकेतल्या वनस्पतींचा एंगलरचा अभ्यास या यंत्रणेच्या आधारानं उभा होता.

१९०५ या सालाकडे मी जरा जास्त वेळ पाहिलं. कारण त्याच वर्षी जुलैत, त्याच वसाहतीच्या दक्षिण भागात उठाव झाला. सक्तीनं कापूस पिकवायला लावल्याच्या रागातून तो पेटला. त्याचं नाव 'माजी माजी'. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी. एका मांत्रिकानं दिलेलं मंतरलेलं पाणी अंगावर शिंपडलं की गोऱ्यांच्या गोळ्यांचं पाणी होईल, अशी लोकांची श्रद्धा होती. गोळ्यांचं पाणी झालं नाही. १९०७पर्यंत जर्मन सैन्यानं उठाव मोडला, आणि तो मोडताना उभी पिकं आणि धान्याची कोठारं जाळली. लढाईत आणि तिच्यामागून आलेल्या उपासमारीत किती माणसं मेली याचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात.

एंगलरनं हे केलं असं मला म्हणायचं नाही. तो बर्लिनमध्ये बसून अळूचं कूळ लावत होता, आणि ते काम त्यानं इतकं नीट केलं की शंभर वर्षांनंतरही नाव बदलावं लागलं नाही. पण एकाच सालातल्या या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत. दुष्काळात तग धरणाऱ्या झाडाला बर्लिनमध्ये नाव मिळत होतं, आणि ज्या वसाहतीत ते झाड उगवत होतं तिथे दुष्काळ पाडला जात होता.

मार्च १९४३मध्ये बर्लिनवर बॉम्ब पडले आणि तिथला वनस्पतिसंग्रह बहुतांशी जळाला. व्हिएन्नातला शॉटचा संग्रह गेला, बर्लिनमधला एंगलरच्या काळाचा मोठा संग्रह गेला. कागद जळले. झाड मात्र उसांबारात जसं होतं तसं पावसाची वाट पाहत उभं होतं.

समोरचा किनारा

या टप्प्यावर नकाशा काढून पाहिला तर एक गंमत दिसते. मुंबई आणि झांझिबार समोरासमोर आहेत, मधे फक्त समुद्र. शेकडो वर्षं गलबतं मोसमी वाऱ्यांवर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात आली. झांझिबारची लवंग मुंबईच्या बाजारात उतरे. कच्छी व्यापारी तिथे पेढ्या काढून बसले, गोव्याची माणसं नोकरीला गेली आणि स्थायिक झाली. झांझिबारमधला ब्रिटिशांचा वकील बराच काळ मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. त्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी माणसं ब्रिटिश आरमारानं सोडवली की त्यांतली बरीच मुंबईत उतरवली जात, आणि त्यांतल्या मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकायला पाठवत. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत आणि १८७४मध्ये वेस्टमिन्स्टरपर्यंत सोबत जाणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो नाशिकलाच शिकलेला.

माणसं आली, लवंग आली. पण आपल्या दिवाणखान्यातलं हे झाड त्या वाटेनं आलेलं नाही. ते हॅकनी, व्हिएन्ना, बर्लिन असं फिरलं, दीडशे वर्षं वनस्पती उद्यानांच्या काचघरांत एखाद्या कुतूहलाच्या वस्तूसारखं पडून राहिलं, आणि १९९६च्या सुमारास हॉलंडच्या नर्सऱ्यांनी त्याची मोठ्या प्रमाणावर रोपं करायला घेतल्यावर जगभर पसरलं. चीनमध्ये त्याला 'पैशाचं झाड' म्हणू लागले. ऑस्ट्रेलियात त्याचं नाव 'झांझिबारचं रत्न'. समोरच्या किनाऱ्यावरचं झाड आपल्याकडे युरोपला वळसा घालून आलं.

चौथी नोंद : कोरिया आणि अमेरिका

काळ्या झाडाची नोंद यानंतरची. कोरियात हिरव्या झाडांमध्ये एक गडद पानांचं झाड निघालं. त्याचं वाण म्हणून नाव 'दोवोन'. अमेरिकेत त्याला वनस्पती पेटंट मिळालं आणि फ्लोरिडातल्या कोस्टा फार्म्सनं ते 'रेवन' या व्यापारी नावानं बाजारात आणलं. अमेरिकेत अशा पेटंटची सोय १९३०च्या कायद्यानं झाली. कलम, फांदी, पान अशा मार्गानं वाढवलेल्या नव्या वाणावर मालकी सांगता येते. मुदत वीस वर्षं. त्या काळात परवानगीशिवाय त्याचं पान रोवून दुसरं रोप करणंही तिथे कायद्याबाहेर आहे.

कचेरीतल्या कामामुळे मी आपल्याकडचा कायदा पाहिला. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे वनस्पती किंवा तिचा भाग, वाण, बियाणं हा 'शोध' ठरत नाही, म्हणून त्यावर पेटंट मिळत नाही. वाणांच्या हक्कांसाठी २००१चा वेगळा कायदा आहे आणि त्यात पैदासकाराबरोबर शेतकऱ्याचा हक्कही मांडला आहे. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेपुरतं.

चारही नोंदी पुन्हा वाचल्या. एका नावात मलय शब्द आहे, एकात अरबी, पुढे लॅटिन, कोरियन आणि इंग्रजी. ज्या किनाऱ्यावर हे झाड उगवतं तिथल्या एकाही भाषेतला शब्द या चार नावांत नाही. तिथल्या लोकांना झाड माहीत नव्हतं असंही नाही. पूर्व उसांबारात आणि मलावीच्या मुलांजे भागात पानांचा रस कान दुखला तर कानात घालतात. टांझानियाच्या वायव्येचे सुकुमा लोक जखम चिघळली तर त्याचं मूळ लावतात. अमानीची संस्था ज्या डोंगरात होती, त्याच डोंगरातलं हे औषध.

गड्ड्यातलं पाणी

आता काळजीविषयी. मी इतिहास आधी सांगितला तो यासाठीच की या झाडाची निगा म्हणजे त्याच्या गावाचं हवामान लक्षात ठेवणं.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाऊस दोनदा येतो. मार्च ते मे 'मासिका', ऑक्टोबर ते डिसेंबर 'वुली'. मधले महिने कोरडे. झाडानं यावर दोन उपाय केले आहेत. पहिला उपाय जमिनीखाली आहे. कुंडी रिकामी केली तर मातीत बटाट्याएवढे, सुरणाच्या गाठींसारखे गड्डे सापडतात. पाणी तिथे साठतं, देठांतही साठतं. फ्लोरिडातल्या अभ्यासकांनी मोजलं तर पानांत ९१ टक्के आणि देठांत ९५ टक्के पाणी निघालं. घरातल्या मंद उजेडात ते पाण्याविना चार महिने तगू शकतं, असंही त्यांनी नोंदवलं आहे.

दुसरा उपाय रात्रीचा आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी गमावतात. निवडुंग, अननस, कोरफड यांची रीत वेगळी. ती रात्री हवा घेतात, आम्लाच्या रूपानं साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून ती वापरतात. या रीतीचा एक जुना पुरावा हिंदुस्थानातलाच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यानं पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव. १८१५मध्ये छापलेल्या त्याच्या पत्रात हे आहे. आपण शाळेत ज्या पानफुटीचं पान वहीत ठेवून कोंब फुटायची वाट पाहायचो, तीच ही. झीझीसुद्धा पाणी तुटलं की या रात्रीच्या रीतीवर जास्त भर देतं, हे ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या शास्त्रज्ञांनी २००७मध्ये दाखवलं. अळूच्या कुळात, जमिनीवर वाढणाऱ्या झाडात, ही रीत तेव्हा पहिल्यांदाच आढळली.

यातून निगेचे नियम आपोआप निघतात. हे झाड तहानेनं क्वचित मरतं. मरतं ते पाण्यानं. माती बोटभर नव्हे, तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, हिवाळ्यात महिन्यानं पुरतं. आपल्या पावसाळ्यात तर हात आवरावा. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की माती वाळत नाही, आणि गड्डे कुजतात ते याच महिन्यांत. देठ बुडाशी पिवळा आणि मऊ झाला की कुंडी लगेच रिकामी करावी, कुजलेला भाग सुरीनं काढावा, उरलेलं दोन दिवस सावलीत सुकू द्यावं आणि कोरड्या मातीत लावावं. माती म्हणजे निम्मी बागेची, निम्म्यात जाडसर वाळू आणि कोकोपीट, मूठभर जुनं शेणखत. कुंडीला भोक हवंच. शोभेच्या बंद भांड्यात ठेवायचं असेल तर आतली कुंडी वेगळी काढून पाणी घालावं, निथळू द्यावं, मग आत ठेवावी.

उजेडाबद्दल एक गैरसमज काळ्या प्रकारामुळे वाढला आहे. पान काळं आहे, म्हणून झाड अंधारात शोभतं आणि अंधारातच राहतं, असं नाही. मंद उजेडात ते जगतं, वाढत नाही. खिडकीपासून चार-पाच फुटांवर, थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवलं तर वर्षाला दोन-चार कोंब देतं. एवढीच त्याची गती. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसावी. तेल, दूध, पॉलिश काही लावू नये. पान मुळात चकचकीतच असतं.

हवा शुद्ध करतं म्हणून घ्यायचं असेल तर जरा थांबावं. अमेरिकी अंतराळ संस्थेच्या १९८९च्या ज्या प्रसिद्ध यादीचा हवाला दिला जातो, तिच्यात हे झाड नाही. शिवाय २०१९मध्ये जुन्या प्रयोगांचा ताळा करणाऱ्या संशोधकांनी हिशेब मांडला की, खोलीतली हवा झाडांनी खरोखर बदलायची तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मग माणसांनी बसायचं कुठे?

खाजेची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गटावर एक संदेश फिरला. या झाडाला हात लावला तरी कॅन्सर होतो, घरातून ताबडतोब काढा. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली तीन कुंड्या उपड्या पडल्या होत्या. साठीच्या एक बाई मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वाचता म्हणून विचारते. नातवंडं आहेत घरात." काळजी खरी होती. त्यामुळे उत्तरही खरं द्यायला हवं होतं.

उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरातच होतं. अळू खाजतो. सुरण खाजतो. या कुळाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून आपण अळूत चिंच घालतो, शेवळाच्या भाजीत काकडं घालतो, सुरण चिरताना हाताला तेल लावतो. झीझीत तेच स्फटिक आहेत. पान चावलं तर तोंडाची आग होईल, चीक लागला तर काहींना खाज येईल. रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंच ठेवावी, छाटणीनंतर हात धुवावेत. कॅन्सरच्या त्या संदेशाला मात्र आधार नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात २०१५मध्ये याच्या अर्काची प्राथमिक चाचणी पाण्यातल्या बारीक जीवांवर झाली, त्यात ते जीव मेले नाहीत. आई शेजारीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "खाजतो म्हणून कुणी अळू सोडलाय का?" तीनपैकी दोन कुंड्या परत लागल्या.

मला त्या वाक्यात पिढ्यांचं शहाणपण दिसतं. अळूशी आपलं नातं जुनं आहे. त्याची खाज माहीत असते, तिच्यावरचा उपाय माहीत असतो, म्हणून भीती नसते. झीझीशी नातं नवं आहे आणि ते जुळवलं आहे विक्रीच्या एका वाक्यानं, "बघितलं नाही तरी चालतं". ज्या गोष्टीकडे पाहायचंच नाही असं ठरवून आपण ती घरात आणली, तिच्याविषयी पहिली अफवा आली की तिला जिन्याखाली टाकणं सोपं जातं.

एक पान

हे झाड वाढवायचं असेल तर एक पान पुरतं. रानातही तसंच होतं. कोरड्या दिवसांत पानं गळतात, फुगीर देठ उभा राहतो, आणि गळलेल्या पानाच्या बुडाशी मातीत नवा गड्डा धरतो. मी मागच्या वर्षीच्या वसंत पंचमीला काळ्या झाडाची पाच पानं वाळू आणि कोकोपीटमध्ये रोवली. दोन कुजली. तीन तशीच हिरवट-काळी उभी राहिली, महिनोन्महिने, काहीही न करता. गणपतीत एक हलकेच उपसून पाहिलं तर बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ होती. पहिला पोपटी कोंब यंदाच्या मार्चअखेर दिसला, म्हणजे तेरा-चौदा महिन्यांनी. वर्षभर त्या कुंडीत दिसण्यासारखं काही नव्हतं आणि घडत मात्र सगळं होतं. बघितलं नाही तरी चालतं हे खरं असेल, पण पाहणाऱ्याला जे मिळतं ते त्या वाक्यात मोजलेलं नाही.

आपल्याकडे रोप मागून नेण्याची रीत आहे. मनीप्लांट तर न सांगता खुडून आणला तरच जगतो असं लोक हसत सांगतात. ब्रह्मकमळाचं पान, गुलबक्षीचं बी, अळूचा गड्डा यांनी शेजार बांधले गेले आहेत. रेवनच्या पानावर दूरदेशी कुणाची मालकी असली तरी शेजारणीला एक पान देताना आपला हात थांबायचं कारण नाही. फक्त देताना दोन गोष्टी सोबत द्याव्यात असं मला वाटतं. पावसाळ्यात पाणी घालू नका हे सांगावं, आणि हे समोरच्या किनाऱ्यावरून आलं आहे, तिथे याचा रस कानाला लावतात, हेही सांगावं.

त्याला मराठी नाव काय द्यावं, असं दोघातिघांनी विचारलं. 'काळा अळू' म्हणता येत नाही, कारण काळ्या देठाचा खरा अळू आपल्या परसात आधीच आहे आणि तो भाजीला लागतो. चार नावं आधीच झाली आहेत, पाचवं माझ्याकडून नको. उसांबाराच्या डोंगरात कान दुखणाऱ्या मुलाला घेऊन बसलेली आई या झाडाला काय म्हणून हाक मारते, ते कुणी तिथे जाऊन विचारून आलं तर ते नाव मी पहिल्या ओळीत लिहीन.